पडशानं कोण मरतं?

आमच्या गावात माणूस कशानंही मरू शकतो. माडावरून पडून मरतो, सुनेच्या बोलण्यानं मरतो, मुंबईच्या मुलानं शिमग्याला यायचं टाळलं म्हणून हाय खाऊन मरतो. पण पडशानं? छे! पडशानं मरणं म्हणजे घराण्याला बट्टा. हे मला नीट कळेपर्यंत एक आख्खा पावसाळा गेला, आणि ऑफिसातली माझी उरलीसुरली अब्रूही गेली.

मी रत्नागिरीत आरोग्यखात्याच्या एका ऑफिसात आकड्यांचं काम करते. तालुक्यांवरून आलेला आकडा घ्यायचा, त्याच्याशी भांडायचं आणि वर पाठवायचा. मी भांडखोर आहे असं ऑफिसात म्हणतात. म्हणोत बापडे. आकडे लबाड असतात, त्यांच्याशी गोड बोलून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी फाल्गुनात आमचं आख्खं ऑफिस खोकत-शिंकत होतं, आणि आषाढात वरून कागद आला: हंगामी फ्लूमुळे देशात किती माणसं दगावतात याचा अंदाज काढायचा आहे, त्यासाठी ठिकठिकाणची नमुन्याची गावं घ्यायची आहेत. आमच्या वाट्याला पाच गावं आली. मी हेदवीच्या अलीकडची पाच मागून घेतली, कारण त्यातलं एक माझं माहेर. नाहीतरी आई तिथे एकटीच, दर रविवारी जायचंच असतं. सरकारी कामात आपलं घरचं काम उरकून घ्यावं, ही अक्कल मला उशिरा आली पण आली.

आता तुम्ही म्हणाल, अंदाज कशाला, सरळ मोजा की. मोजा काय डोंबल! फ्लूची तपासणी करून मरायला कोण बसलंय? म्हाताऱ्या माणसाला ताप येतो, खोकला येतो, चार दिवस काढा होतो, मग छाती भरते, नाहीतर आधीच थकलेलं हृदय हात टेकतं. डॉक्टर कागदावर लिहितो, 'हृदयक्रिया बंद पडल्यामुळे'. अहो, हृदय चालू ठेवून कोण मेलंय आजवर? त्या कागदावर विसंबलं तर देशात फ्लूनं कोणी मरतच नाही.

म्हणून मोजायची पद्धत उलटी असते. लग्नाला जेवायला किती माणसं आली हे आमच्याकडे डोकी मोजून कळत नाही, मागच्या परसात पडलेल्या पत्रावळी मोजून कळतं. आमंत्रण तीनशेंना, पत्रावळी साडेतीनशे, म्हणजे पन्नास आगंतुक जेवून गेले. कोणते पन्नास? ते मात्र विचारायचं नाही. सगळेच तोंड पुसून गेलेले असतात. फ्लूचंही तसंच. एरवीच्या महिन्यांत गावात साधारण किती माणसं जातात ते काढायचं, तापाच्या दिवसांत किती गेली ते काढायचं, आणि जी जास्तीची ती फ्लूच्या नावावर. नेमकी कोणती हे देवालाही विचारायचं नाही.

पण मला नेमकं एक माणूस हवं होतं. माझे बाबा.

बाबा त्याच शिमग्यात गेले. एक्याऐंशीचे होते, पण रोज सकाळी गरी घेऊन जेटीवर जायचे आणि दोन-चार बोटभर मासे आणून आईची बोलणी खायचे. तरुणपणी ते खाडीच्या तरीवर होडी चालवत. होडीत एक माणूस जास्त चढला की त्यांना न मोजता कळायचं. "होडीच सांगते," म्हणायचे. होळीच्या नऊ दिवस आधी, रविवारी, मी घरी जाऊन आले, त्यांची पायाची नखं कापून दिली, कारण त्यांना वाकता येत नसे. तेव्हा ठणठणीत होते. त्यानंतर आठ दिवसांनी, सोमवारी, म्हणजे होळीच्या आदल्या दिवशी, आईचा फोन आला की बाबांना जराशी कणकण आहे. गुरुवारी फोन आला की ये.

कागदावर डॉक्टरनं तेच लिहिलं. हृदयक्रिया बंद पडल्यामुळे.

मी भडकले. ज्या माणसाला आयुष्यात छातीत एक कळ आली नाही, त्याचं हृदय विनाकारण बंद पडलं? त्यांना फ्लूच होता. आणि तो कोणी आणला हेही मला ठाऊक होतं. मुंबईकरांनी! शिमग्याला बसा भरभरून येतात, पालखीखाली एकमेकांच्या अंगावर पडून नाचतात, घराघरात घुसून सरबतं पितात, आणि चार दिवसांनी गावाला खोकत ठेवून परत जातात. बाराव्याला आलेल्या दोघा मुंबईवाल्या चुलतभावांना मी हे तोंडावर ऐकवलं. ते बिचारे मान खाली घालून लाडू खात राहिले. मला एकच हवं होतं. बाबांचं मरण खऱ्या रकान्यात पडावं. जन्मभर दुसऱ्यांचे आकडे दुरुस्त केले, आपल्या बापाचा तरी चुकू नये.

आई मात्र काही वेगळंच धरून बसली होती. काम सुरू झाल्याचं कळल्यापासून दर दोन दिवसांनी तिचा फोन.

"त्येंचा काय लिवलंस गो?"

"अजून काही लिहिलं नाही आये. तुझी रीतसर मुलाखत घ्यावी लागेल."

"मुलाखत कशाला? म्हातारपण लिव."

"म्हातारपण हा रोग नाही."

"मग काय हाय? बरा होतो काय त्यो?"

पण मी सोडलं नाही. म्हातारपण हे मृत्यूचं कारण नव्हे, हे वाक्य मी तालुक्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहिते. ज्या फॉर्मवर कोणी म्हातारपण लिहितं तो मी लाल पेनानं परत पाठवते. आणि माझीच आई मला तेच लिहायला सांगत होती, तेही एवढ्या चिकाटीनं की मला वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

मुलाखती सुरू केल्या. ज्यांच्या घरी मयत झाली आहे त्यांना शंभर प्रश्न विचारायचे, ताप होता का, खोकला होता का, धाप लागत होती का. पहिल्याच घरी आजीबाईंनी मला ओटीवरून उठवलं.

"आमचा म्हातारा? पडशानं? अगो, त्येनं नव्वदीत फणस उतरवलान!"

"आजी, पडसं नाही, फ्लू."

"नाव बदलून काय होतंय? शेंबूडच ना त्यो?"

दुसऱ्या घरात म्हातारीच्या मुलाला अॅटॅक हवा होता. अॅटॅकला मान आहे. अॅटॅक म्हटला की गाडी काढावी लागते, चिपळूणला न्यावं लागतं, चार माणसं धावतात. शुगरलाही हल्ली बरा भाव आहे. फ्लूला काही किंमतच नाही. "बाय, आमचा पोरगा बँकेत हाय," तो मला समजावत होता, "आणि त्येची आजी शिंकून मेली असा कागदावर राहणार काय?" तिसऱ्या घरी मी विचारलं, मरण्याआधी खोकला होता का, तर घरधनी म्हणाला, "खोकला कोणाला नाय? तूच मघापासून खोकतंस. तू मेलंस काय?" मी खरंच खोकत होते. त्यांच्या चुलीचा धूर होता तो, पण आता कोणाला सांगणार.

आठ दिवसांत पाच घरं झाली. ग्रामपंचायतीच्या नोंदी पाहिल्या तर त्याहून आनंद. जो मुंबईत गेला त्याची नोंद मुंबईत, जो इथे गेला त्याची नोंद करायला मुलगा मुंबईहून गणपतीला येणार तेव्हा. म्हणजे आमच्या गावचे मेलेले चतुर्थीपर्यंत सरकारदरबारी जिवंत असतात. आणि वरून रोज फोन, आकडा पाठवा, आकडा पाठवा.

तेव्हा मला सुतकाची वही सापडली.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. पण ज्या घरात सुतक त्या घरी ती जात नाही, आणि त्या घरच्या माणसानं खांदाही द्यायचा नाही. भावकी मोठी, निम्मी मुंबईत, कोणाच्या घरात कधी काय झालं आणि कोणाला किती दिवस पाळायचे हे लक्षात ठेवायचं कोणी? म्हणून देवळाचे मानकरी वही ठेवतात. आमचे मानकरीकाका वर्षभर बोटीवर जाळी ओढतात, पण त्या वहीत एका दिवसाची चूक नाही. तारीख, घर, किती दिवस. माणसाचं नाव लिहीत नाहीत, ते अशुभ. कारण तर नाहीच. देवाला कारणाशी काय करायचंय?

मी ती वही पाहिली आणि मला अक्षरशः भरून आलं. एवढी स्वच्छ नोंद मी नोकरीत पाहिली नव्हती. पाचही गावांच्या मानकऱ्यांकडे गेले, पाच वह्या उतरवून घेतल्या. एक मयत झाली की भावकीतल्या दहा घरांना सुतक पडतं, तेव्हा एका तारखेला एकच मयत धरायची एवढी अक्कल मी वापरली. रात्र-रात्र जागण्याची गरजच पडली नाही. दोन दुपारी बसून तक्ता आणि त्यावरून खांबांचा आलेख केला. एरवीचे महिने आणि शिमग्याचे महिने. शिमग्याचा खांब असा काही उंच गेला की कागद उभा धरावा लागला. माझ्या मनात आलं, बघा, मी सांगत नव्हते? मुंबईकर!

वर पाठवून दिला. सोबत 'स्थानिक पारंपरिक नोंदींचा अभिनव वापर' असं एक वाक्यही ठोकून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन. आवाज बारीक झालेला. माझी पाच गावं म्हणजे देशाच्या अंदाजातली एक चिमूट, पण त्या चिमटीवरून गणित मांडलं तर आणखी दोन शिमग्यांत आमच्या तालुक्यात पालखी उचलायला माणूस उरत नव्हता. पाचव्या दिवशी गाडी आली. चार माणसं, तोंडाला दोन-दोन मास्क, हातात मोजे, थंड पेटी. भर पावसात ती मंडळी चिखलातून आमच्या वाडीत शिरली आणि मी पुढे यादी घेऊन. माझी मान ताठ होती हे मला कबूल केलं पाहिजे.

पहिलं घर यादीतून साहेबांनीच निवडलं. दार एका आजीनं उघडलं.

साहेबांनी अगदी हळुवार आवाजात विचारलं, "आजी, या घरात मार्च महिन्यात मृत्यू झाला ना?"

"तुज्या जिभेला हाड हाय काय?" आजी कडाडली. "कोण मेला? सकाळच्या पारी कोणाच्या नावानं आलायस?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी यादीकडे. "आजी, मार्चमध्ये तुमच्याकडे दहा दिवस पाळले की नाही?"

"पाळले की!" म्हणून आजी आत गेली आणि पाच महिन्यांचं एक गुटगुटीत मूल काखेला मारून आली. "ह्यो बघा तुमचा मयत. दात येतायत म्हणून कालपास्नं किरकिरतोय."

मूल साहेबांचा मास्क ओढायला लागलं.

सोयर! मूल जन्मलं तरी दहा दिवस विटाळ असतो, तो सोयर. माणूस गेला की सुतक. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मलाही होतं. पण वहीवर 'सुतकाची वही' लिहिलेलं बघितलं आणि माझ्यातली कोकणी बाई जाऊन आकडेवाली बाई आली. तिला कुठे काय ठाऊक! मानकरीकाकांना बोलावलं. ते जाळ्याचा वास घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "सोयर वेगळा कशाला लिवायचा? पालखीला दोन्ही सारखीच. खांदा द्यायचा नाय म्हणजे नाय."

शिमग्यात आमच्याकडे पाळणे फार हलतात. कारण उघड आहे. मुंबईवाले आदल्या ज्येष्ठात आंबे खायला आलेले असतात. नऊ महिने मोजा.

म्हणजे मी देशाला कळवलेल्या मयतांत निम्मे रांगत होते. आणखी तीन घरी गेलो, दोन घरी बारसं झालेलं होतं आणि एका घरी आम्हाला बारशाचे राहिलेले बुंदीचे लाडू म्हणून काहीतरी दिलं, जे पाच महिने टिकलं असलं तर त्याचीच तपासणी करायला हवी होती. जाताना साहेबांनी काचेआडून एवढंच विचारलं, "मॅडम, जे खरंच गेले ते तरी एकेकदाच धरलेत ना?"

"अर्थात!" मी म्हणाले.

गाडी गेल्यावर मी ओटीवर बसून पाचही याद्या शेजारी शेजारी लावल्या. आमची भावकी तीन गावांत पसरलेली. होळीनंतरचा गुरुवार तिन्ही वह्यांत होता. माझ्या अहवालात माझे बाबा तीनदा गेले होते. ज्या माणसाला एक डोकं जास्त झालेलं न मोजता कळायचं, त्याच्या मुलीनं त्यालाच तीनदा मोजलं. मी तिथेच हसायला लागले आणि मग ते हसू काही हसू राहिलं नाही. मानकरीकाकांनी माझ्यापुढच्या याद्या गोळा करून एकावर एक रचल्या. मग म्हणाले, "चल, परत करूया. मी सांगतो, तू लिव."

तीन रविवार आम्ही देवळाच्या पडवीत बसून ती वही सोडवली. जन्म बाजूला, मयत बाजूला, एकाच मयतीच्या नोंदी एकत्र. खांब पुष्कळ खाली आला, पण पडला नाही. शिमग्याच्या महिन्यात नेहमीपेक्षा माणसं जास्तच गेली होती. मला जरा धीर आला. मी म्हटलं, "काका, आता मला हेही दाखवायचंय की ताप मुंबईच्या बसमधून आला. कोणत्या घरी कधी ताप आला ते आठवतंय का?"

"आठवायचा कशाला?" म्हणून त्यांनी वहीच उलटी केली. मागच्या पानांवर पालखीच्या कामांची वाटणी होती. कोण खांदा देणार, कोण ढोल वाजवणार, कोण कंदील धरणार. आणि जो येणार नाही त्याच्यापुढे कारण आणि तारीख. ताप. ताप. खोकला. ताप. मी हरखून गेले. एकेक नाव, एकेक तारीख लिहीत गेले. शनिवारी-रविवारी मुंबईच्या बसा आल्या. बुधवारपासून तापाची रांग लागली. तंतोतंत! मी मुंबईकरांना मनातल्या मनात फासावर चढवत होते.

आणि मग सगळ्यात वरची ओळ. बाबांना पालखीपुढे निशाण धरायचा मान होता. 'निशाण — ताप — यंदा पुतण्या धरील.' तारीख बसा यायच्या आधीची. शुक्रवार.

"काका, ही तारीख चुकली आहे."

"माजी तारीख चुकत नाय बाय."

"बाबांना सोमवारी कणकण आली. आईनं मला सोमवारी फोन केला."

"फोन कधी केलान ता मला काय ठाव? मी शुक्रवारी निशाणाचा विचारायला गेलो तर ते दोन दिवस अंथरुणावर. तोवर गावात एक मुंबईवाला पोचला नव्हता. गावात ताप कोणालाच नव्हता." त्यांनी वही मिटली, आणि माझ्याकडे न बघता तंबाखू मळायला घेतली.

शुक्रवारच्या आधी दोन दिवस म्हणजे बुधवार. बुधवारच्या आधी आमच्या घरी बाहेरचं कोण आलं होतं? हे गणित मला करता येतं, मी त्याचाच पगार घेते. रविवारी मी आले होते. आख्खं ऑफिस शिंकत होतं, मीही नाक पुसत पुसतच एसटीतून उतरले होते. बाबांचा पाय मांडीवर घेऊन नखं कापताना दोनदा शिंकले होते. ते म्हणाले होते, "अगो, नखाच्या जागी बोट कापशील." आम्ही हसलो होतो. मग त्यांच्या कपातला उरलेला चहा मी प्यायले होते, की माझ्या कपातला त्यांनी, ते मला तेव्हाही आठवेना आणि आजही आठवत नाही.

मी पडवीतून उठले आणि घरी गेले. आई कुळीथ निवडत बसली होती. मी पिशवीतून फॉर्म काढला. "आये, आज तुझी मुलाखत."

तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, फोटो काढायला बसतात तशी बसली.

"मृताशी तुमचं नातं?"

"बायको."

"ताप होता का?"

"म्हातारपण होता."

"आये, हो किंवा नाही."

"होता थोडा."

"खोकला?"

"थोडा."

"ताप कोणत्या दिवशी सुरू झाला?"

"सोमवारी."

मी पेन थांबवलं नाही. सोमवार लिहिलं. पुढचा प्रश्न मी कागदाकडे बघूनच वाचला, कारण वर बघायची माझी हिंमत नव्हती. "आजारी पडण्याच्या आधी आठवडाभरात, घरात राहणाऱ्या किंवा घरी येऊन गेलेल्या कोणाला सर्दी, ताप, खोकला होता का?"

"कोणाला नव्हता."

"आये."

"लिव. कोणाला नव्हता."

"आये, मी वही बघितली आहे. मला सगळं कळलंय."

मग तिनं सूप परत मांडीवर ओढलं आणि कुळथातले खडे काढत म्हणाली, "मानकऱ्याला मी सांगितला होता, ती पाना दाखवू नको म्हणून. मेल्याला कधी अक्कल आली नाय."

"तू सोमवारी मुद्दाम फोन केलास?"

"मी नाय. त्येंनीच सांगितलानी. बुधवारी ताप भरला तेव्हाच म्हणाले, पोरीला एवढ्यात कळवू नको. मुंबईची माणसं येऊंदेत, गाव खोकूंदे, मग कळव." तिनं एक खडा अंगणात भिरकावला. "म्हणाले, ती मोजणारी हाय. तिला दिवस कळला तर ती जन्मभर मोजीत बसंल."

मी रडले. चांगली मोठ्यानं रडले, पन्नाशीची बाई, ओटीवर बसून, मांडीवर सरकारी फॉर्म. आईनं मला रडू दिलं. ती कुळीथ निवडत राहिली, आणि मला एवढा राग आला होता, तिचा, बाबांचा, त्या कपाचा, की मी मध्येच हुंदका थांबवून म्हटलं, "आणि मी त्या बिचाऱ्या चुलतभावांना नको नको ते बोलले!"

"ता बरा झाला," आई म्हणाली. "त्यांना कोणीतरी बोलायला हवाच होता."

मग तिनं विचारलं की तुमचा जो मोठा आकडा असतो, देशाचा, त्यात नावं असतात काय. मी म्हटलं, नाही. नुसता आकडा. एवढी जास्तीची माणसं गेली, बस. मी तिला पत्रावळींचं सांगितलं. कोण आला, कोणाबरोबर आला, कोणी आणला, काही कळत नाही.

"म्हणजे ते त्यात येतील तरी, आणि कोणाचा नाव पण येणार नाय?"

"नाही येणार."

"मग लिव की बाय. अडलंय काय तुझा?"

मी लिहिलं. कोणाला सर्दी-ताप होता का: नाही. कुटुंबाच्या मते मृत्यूचं कारण: म्हातारपण. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनानं. महिन्याभरानं तो फॉर्म वरून परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता, 'म्हातारपण हे मृत्यूचे कारण नव्हे.' माझ्याच प्रशिक्षणातून तयार झालेली एक मुलगी तिथे बसते. मी तिच्या हुशारीचं कौतुक केलं आणि तसाच परत पाठवला.

यंदा गणपतीच्या आधी मला पुन्हा सर्दी झाली. तरी गेले, आईचा बाजार पोचवायचा होता. पण अंगणातल्या तुळशीपाशीच पाटावर बसले, नाकाला रुमाल बांधून. आई दारात आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आत ये."

"नाही येणार. सर्दी आहे."

"अगो आत ये मेले, लोक बघतायत. पडशानं काय माणूस मरतो?"

मी रुमालाची गाठ आणखी आवळली. थोड्या वेळानं तिनं चहाचा कप उंबऱ्यावर आणून ठेवला आणि चार पावलं मागं जाऊन उभी राहिली. मी उठून तो घेतला, आणि अंगणातच बसून सगळा संपवला.